पहिले वीस हजार कुठून आणायचे? बेळगाव-खानापूर-निपाणीच्या कॉलेजातल्या पोरापोरींसाठी

गुऱ्हाळावर काहिलीतला रस फुगून वर यायला लागला की गुळव्या पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकतो, बोटाने चाचपतो आणि ठरवतो, काहील आत्ता उतरवायची की अजून दोन मिनिटं थांबायचं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझा एक मित्र त्या दोन मिनिटांच्या मागे लागलो होतो. घट्ट गुळासाठी पाक साधारण ११८ ते १२० अंशांना उतरवतात, काकवीसाठी बराच आधी, १०५ च्या आसपास. म्हटलं, काहिलीत बुडणारा तापमापक करू, आकडा गाठला की घंटी वाजेल. चिकोडीकडच्या एका गुळव्याने आमचा पसारा बघितला आणि म्हणाला, "मशीन कशाला रं पोरांनो, बोटाला कळतंय की."

त्याच्या बोटाला कळत होतं यात वाद नाही. पण त्याच्या पोराला गुऱ्हाळावर बसायचं नव्हतं, आणि आमचा धंदा नेमका तिथे होता.

आम्हाला लागणार होते वीसेक हजार. अनुदानासाठी अर्ज केला आणि मागितले दोन लाख. अर्जात लिहिलं की या यंत्रामुळे ऊस उत्पादकाचं जीवन बदलेल. पहिल्या वर्षी एक पैसा मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी तोच तापमापक घेऊन, निम्म्या लांबीच्या अर्जावर, काही हजार मिळाले आणि काम झालं. मधल्या वर्षात जे कळलं ते इथे लिहितोय. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर कॉलेज ते सीबीटी (बेळगावचं मुख्य बसस्थानक) अशा निम्म्या चकरा वाचल्या असत्या.

आधी प्रश्न लहान करा

अनुदान देणारा कल्पनेला पैसे देत नाही. कल्पना त्याच्या टेबलावर गठ्ठ्याने पडलेल्या असतात. एवढ्या पैशात तुम्हाला कुठल्या एका प्रश्नाचं उत्तर मिळणार, एवढंच तो बघतो.

आमचा पहिला प्रश्न होता, "गुळाची प्रत सुधारता येईल का?" याचं उत्तर द्यायला आयुष्य जाईल. दुसऱ्या वर्षीचा प्रश्न होता, "फूड ग्रेड स्टीलच्या नळीत बसवलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) उकळत्या रसात सलग पंधरा दिवस टिकतो का, आणि त्याचा आकडा काचेच्या तापमापकाशी दोन अंशांच्या आत जुळतो का?" याला पंधरा दिवस, एक गुऱ्हाळ आणि थोडे पैसे पुरतात. उत्तर "नाही" आलं तरी काम वाया जात नाही.

तुमच्या कल्पनेला हेच लावून बघा. खानापूरच्या मातीचा पाण्याचा फिल्टर करायचाय? मग पहिला प्रश्न बाजारपेठेचा नाही. भाजलेल्या मातीतून तासाला किती लिटर पाणी झिरपतं, तो आहे. खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे भट्टी आणि जाणकार शोधायला लांब जायला नको. शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्या ऑनलाइन विकायच्यात? मग ॲप नको. दहा साड्यांचे फोटो, एक व्हॉट्सॲप कॅटलॉग, आणि महिन्यात किती परत आल्या याची वही. या वहीला कुणाचंच अनुदान लागत नाही. ती आधी भरा, मग अर्ज करा. भरलेल्या वहीसमोर अर्ज तपासणाऱ्या पॅनलचा सूर बदलतो, हे मी स्वतः बघितलंय.

कुठल्या खिडकीवर जायचं

नवीन पोरांची इथेच गल्लत होते. पेपरात "स्टार्टअपला ५० लाख" वाचतात आणि थेट तिकडे धावतात. खिडक्या जवळच्या लांबच्या आहेत, जवळच्यापासून सुरुवात करा.

सगळ्यात जवळची खिडकी तुमच्या कॉलेजातच असते. इंजिनिअरिंगला असाल तर कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचा विद्यार्थी प्रकल्प कार्यक्रम आहे. परिषद बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात आहे, पण अर्ज कॉलेजमार्फत, गाईड सर आणि प्राचार्यांच्या सहीनेच जातो. रक्कम काही हजारांची. ती ऐकून पोरं नाक मुरडतात. मी म्हणेन, पहिलं अनुदान हेच घ्या. रक्कम छोटी असली तरी "सरकारी परिषदेने हा प्रकल्प निवडला" ही ओळ पुढच्या प्रत्येक अर्जात वापरता येते.

दुसरी खिडकी म्हणजे राज्याच्या आयटी-बीटी खात्याचं न्यू एज इनोव्हेशन नेटवर्क. कॉलेजात सगळे "नैन" म्हणतात. बंगळुरूबाहेरच्या कॉलेजांसाठीच ते काढलंय आणि निवडलेल्या विद्यार्थी प्रकल्पाला ३ लाखांपर्यंत मदत मिळते. तुमच्या कॉलेजात हे केंद्र आहे का, हे वर्गातल्या मित्राला नको, एचओडींना विचारा. मित्राला माहीत नसतं आणि तो "नाही" म्हणून मोकळा होतो.

तिसरी, प्रोटोटाइप (वस्तूचा पहिला चालता नमुना) खरंच करायचा असेल तर, केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याची निधी-प्रयास. १० लाखांपर्यंत मिळतात, आणि महत्त्वाचं म्हणजे कंपनी काढलेली नसली तरी चालते. अठरा पूर्ण झालेला भारतीय नागरिक एकट्याच्या नावावर अर्ज करू शकतो. अर्ज प्रयास केंद्र असलेल्या इन्क्युबेटरकडे, म्हणजे नव्या धंद्यांना हात देणाऱ्या संस्थेकडे, करायचा असतो. सगळ्या इन्क्युबेटरांकडे ते केंद्र नसतं, म्हणून यादी बघून मगच बसमध्ये चढा.

चौथी खिडकी शेती आणि खाण्यापिण्याची. आपल्या भागात हीच सगळ्यात मोठी आणि सगळ्यात रिकामी. धारवाडच्या कृषी विद्यापीठात "कृषिक" नावाचं ॲग्री बिझनेस इन्क्युबेटर आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या रफ्तार कार्यक्रमात कल्पनेच्या टप्प्याला ५ लाखांपर्यंत आणि बीज टप्प्याला २५ लाखांपर्यंत तरतूद ठेवली होती, आणि त्याआधी दोन महिन्यांचं मानधनासह प्रशिक्षण. बी.ए., बी.कॉम.वाल्यांनीही इकडे बघावं. राणी चन्नम्मा विद्यापीठातली पोरं "आम्ही इंजिनिअर नाही" म्हणून मागे राहतात, आणि त्यांच्याच घरी काजू, फणस, ऊस, बासमती तांदूळ पडून असतो. केंद्राने २०२० साली आणलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणून बेळगावच्या नावापुढे गूळच आहे. त्या योजनेत यंत्रसामग्रीच्या कर्जावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख सबसिडी असते आणि कर्नाटक सरकार वरून आणखी भर घालतं. पण हे कर्जाशी बांधलेलं आहे. बँकेने आधी कर्ज मंजूर केलं तरच सबसिडी.

इथे एक फरक नीट समजून घ्या. अनुदान परत करायचं नसतं. सबसिडी म्हणजे कर्जाचा एक भाग सरकार भरतं, उरलेलं तुम्ही फेडता. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) ही सबसिडीवाली योजना. उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत, सेवेच्या प्रकल्पाला २० लाखांपर्यंत, सबसिडी प्रवर्ग आणि जागेप्रमाणे १५ ते ३५ टक्के, आणि तीही तीन वर्षं बँकेत अडकून राहते. मुद्रा तर निव्वळ कर्ज आहे, 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत. विद्यार्थी असताना प्रश्नाचं उत्तर शोधायला कर्ज काढू नका, एवढं माझं ठाम मत आहे. उत्तर मिळालं, गिऱ्हाईक मिळालं, की मग काढा.

राज्याचं एलिव्हेट (५० लाखांपर्यंत) आणि केंद्राचा २०२१ सालचा स्टार्टअप इंडिया सीड फंड (प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत अनुदान) या लांबच्या खिडक्या. दोन्हीकडे नोंदवलेली कंपनी लागते. कुठल्याही योजनेचा या वर्षीचा कॉल (अर्ज मागवणारी जाहिरात) निघालाय का, हे तिच्या अधिकृत संकेतस्थळावर बघूनच कामाला लागा, कारण योजना बंद होतात आणि नाव बदलून परत येतात.

कंपनी काढायची घाई

नको. सीड फंडात अट अशी की अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी. म्हणजे तिसऱ्या वर्षाला उत्साहात प्रायव्हेट लिमिटेड काढली, तर पदवी हातात येईपर्यंत घड्याळ संपत आलेलं असतं. शिवाय एक रुपयाची उलाढाल नसली तरी कंपनीला दरवर्षी विवरणपत्रं भरावी लागतात. उशीर झाला तर एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. परीक्षेच्या गडबडीत दोन फॉर्म सहा महिने विसरलात तर छत्तीस हजार. एवढ्यात आमचे दोन तापमापक झाले असते.

तोवर लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी पुरते. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, पूर्ण फुकट. कुणी त्याचे हजार-दोन हजार मागितले तर तो एजंट आहे, सरकार नाही. खाण्याची वस्तू विकणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मूळ नोंदणी काढा, वर्षाला १०० रुपये. खड्या बाजारातला कुणी तीन हजार सांगेल. हसून पुढे जा.

दोन राज्यांच्या मधली माणसं

निपाणीच्या पोराला कोल्हापूर जवळ, धारवाड लांब. तो शिवाजी विद्यापीठात शिकतो, घर निपाणीत, धंद्याची जागा काकाच्या गोडाऊनमध्ये महाराष्ट्रातल्या कागलला. मग त्याने अर्ज कुठे करायचा?

सरळ हिशोब असा. केंद्राच्या इन्क्युबेटरमार्फत मिळणाऱ्या अनुदानांना सीमा नाही, इन्क्युबेटर कोल्हापूरचा असो की हुबळीचा. राज्याच्या योजनेत मात्र तुम्ही कुठली भाषा बोलता हे कुणी विचारत नाही. धंद्याचा नोंदवलेला पत्ता बघतात. एलिव्हेटला कर्नाटकात नोंदवलेली कंपनीच लागते. म्हणून पत्ता ठरवताना भावनेने ठरवू नका, कुठल्या खिडकीवर उभं राहायचंय ते बघून ठरवा. एकदा दिलेला पत्ता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवणं हे कंपनीच्या बाबतीत महिन्यांचं काम आहे.

दुसरी गल्लत मराठा आणि मराठीची. कर्नाटक सरकारने २०२० साली मराठा समाजासाठी विकास महामंडळ जाहीर केलं. त्यात स्वयंरोजगाराच्या योजना आहेत, पण त्या जातीच्या दाखल्यावर मिळतात, मातृभाषेवर नाही. "आम्ही मराठी आहोत की" म्हणून गेलेली मुलं नाडकचेरीतून (दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीतून) परत येताना मी बघितलीत. दाखला असेल तर जरूर जा. नसेल तर वेळ घालवू नका.

भाषेचं म्हणाल तर राज्याच्या पोर्टलवर इंग्रजी किंवा कन्नड, केंद्राच्या पोर्टलवर इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक करावं. सगळं आधी मराठीत लिहून काढा, जसं आईला सांगाल तसं. मग त्याची छोटी छोटी इंग्रजी वाक्यं करा. आधीच इंग्रजीत लिहायला बसलं की इंटरनेटवरची फुगीर वाक्यं आपोआप येतात, आणि तपासणाऱ्याने ती दिवसात चाळीस वेळा वाचलेली असतात. टीममध्ये घरात कन्नड बोलणारं एक जण घ्या. ऑफिसात "नाळे बर्री" (उद्या या) ऐकून परत फिरणारा आणि "नाळे म्हणजे किती वाजता, सर?" हे कन्नडमध्ये विचारणारा यांच्या कामात महिन्याचा फरक पडतो.

नावं जुळवा, आजच

आमच्या पहिल्या अर्जाचं दुसरं दुखणं हे होतं. मित्राच्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्कलिस्टवर नावापुढे नुसती इंग्रजी आद्याक्षरं, आडनाव नाहीच. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं आपल्या पद्धतीने. पॅनवर आडनाव पुढे. बँकेत गावाचं नाव आडनावाला चिकटलेलं. आणि 'पाटील'चं इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी एका 'आय'चं, दुसऱ्या ठिकाणी दोन 'ई'चं. माणूस एक, कागदावर चार. ज्या ऑफिसात तपासणी होती तिथल्या क्लार्कने चारही कागद टेबलावर ओळीने मांडले आणि शांतपणे विचारलं, यातला तू कोण? मुदत संपायला तीन दिवस होते.

करायचं असं. एसएसएलसीवरचं नाव हे मूळ धरा, कारण ते बदलणं सगळ्यात अवघड. त्याप्रमाणे आधार दुरुस्त करा. पण सांभाळून, आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. मग आधारप्रमाणे पॅन, मग बँक. ज्याला हे सगळं करायला वेळ नाही त्याने निदान नोटरीकडून 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून फाईलला लावावं. ते सगळीकडे चालतंच असं नाही, पण दारातून परत पाठवत नाहीत.

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला लागणार असेल तर नाडकचेरीत अर्ज कॉल निघायच्या आधी टाका. कॉल निघाल्यावर सगळा तालुका रांगेत असतो. कॉलेजकडून ना हरकत पत्रही आधीच घ्या, आणि त्यात प्रोटोटाइपचे हक्क कुणाचे हे एका ओळीत लिहून घ्या. सरांशी संबंध चांगले असताना ही ओळ लिहून मिळते.

बजेट: इथे अर्ज तरतो किंवा बुडतो

आमच्या पहिल्या अर्जात बजेट चार ओळींचं होतं. साहित्य एक लाख, प्रवास पन्नास हजार, लॅपटॉप चाळीस, इतर दहा. आज मी पॅनलवर असतो तर मीही फेकून दिला असता.

दुसऱ्या वेळी आम्ही उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, गेलो. लेथवाल्या मामांकडे स्टूलवर बसून, ३०४ ग्रेडच्या स्टीलची नळी, एक टोक बंद, दुसऱ्या टोकाला आटे, असं चित्र काढून दाखवलं. त्यांनी विचारलं, "काहिलीला लावणार तर हँडल केवढं? हात भाजेल की." हँडल आमच्या डिझाइनमध्येच नव्हतं. ते वाढलं, वेल्डिंग वाढलं, आणि कोटेशन त्यांच्या लेटरहेडवर, जीएसटी नंबरसकट मिळालं. थर्मोकपल, त्याचं मॉड्यूल, बोर्ड, बझर, बॅटरी यांच्या प्रत्येकी दोन दुकानांच्या किमती घेतल्या. प्रवास लिहिला तो बेळगाव ते चिकोडी बसचं तिकीट गुणिले फेऱ्या गुणिले दोन माणसं. लॅपटॉप काढून टाकला. शेवटी एक ओळ घातली: प्रोब (रसात बुडणारी नळी) रसात गळला तर दुसरी नळी. ही ओळ पॅनलमधल्या एका मॅडमना आवडली. म्हणाल्या, फसेल असं धरून बजेट करणारे तुम्ही आज पहिले.

इन्क्युबेटरकडच्या मोठ्या अर्जातही हेच. जमीन, इमारत, स्वतःचा पगार असले खर्च बहुतेक प्रोटोटाइप अनुदानांत बसत नाहीत. नियमावलीत कुठले मथळे चालतात ते वाचून त्याच शब्दांत बजेट मांडा.

सादरीकरणाचं फार सांगण्यासारखं नाही. वस्तू हातात घेऊन जा, अर्धवट असली तरी. गुऱ्हाळावरचा तीस सेकंदांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, तिथल्या वायफायच्या भरवशावर राहू नका. आणि "अजून माहीत नाही, त्यासाठीच पैसे मागतोय" हे वाक्य म्हणायला लाजू नका.

पेटंटसारखं काही असेल तर प्रदर्शनात मांडायच्या आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरा. व्यक्तीला ऑनलाइन भरायची सरकारी फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात.

पैसे आल्यावर

पैसे एकदम येत नाहीत, हप्त्याने येतात. पुष्कळदा आधी कॉलेजच्या खात्यात, आणि तिथून तुमच्यापर्यंत यायला एक सेमिस्टर जाऊ शकतं. आमचे तसेच अडकले होते. तोवर मित्राच्या दादाने उसने दिले. म्हणून मंजुरीपत्र हातात पडलं की त्याच दिवशी अकाउंट सेक्शनमध्ये त्याची प्रत द्या आणि पोच घ्या.

स्वतःच्या नावावर अनुदान येणार असेल तर वेगळं बँक खातं उघडा, त्यात घरचे पैसे मिसळू नका. प्रत्येक बिल प्रकल्पाच्या किंवा तुमच्या नावाचं, जीएसटी नंबर असलेलं घ्या. थर्मल कागदाची बिलं दोन महिन्यांत कोरी होतात, त्याच दिवशी झेरॉक्स मारा. मंजूर मथळ्यात पैसे उरले आणि दुसऱ्यात कमी पडले तर आपल्या मनाने फिरवू नका, मेल करून परवानगी मागा. बहुतेक वेळा मिळते. शेवटी विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) द्यावं लागतं, मोठ्या रकमेला सीएच्या सहीचं. ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. एका योजनेतलं घेतलेलं दुसऱ्या अर्जात लपवू नका. सीड फंडात तर इतर सरकारी योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त घेतलं असेल तर अर्जच चालत नाही.

आमचा प्रोब बाराव्या दिवशी गळला, वेल्डिंगच्या जोडातून. बदलीची नळी बजेटमध्ये होतीच, ती पंधरा दिवस टिकली. हिशोब लावला तेव्हा ३४० रुपये उरले होते. ते परत करायचा डीडी काढायला बँकेत गेलो तर कमिशन धरून आणखी खिशातून गेले, त्याची पावतीही फाईलला लावून दिली.